अठ्ठेचाळीस मतांचा फरक टिकला, लाखाचं मताधिक्य कोसळलं: निवडणूक याचिका म्हणजे नेमकं काय

४ जून २०२४ रोजी गोरेगावच्या नेस्को संकुलात मुंबई वायव्य मतदारसंघाची मतमोजणी चालू होती. यंत्रांमधली मतं मोजून झाली तेव्हा अमोल कीर्तिकर ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर ४,५१,०९४ असे आकडे होते, म्हणजे फरक फक्त एका मताचा. मग टपाली मतं धरली गेली आणि वायकर ४८ मतांनी निवडून आले. कीर्तिकर उच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांची याचिका साक्षीपुराव्यांपर्यंत न पोचताच फेटाळली गेली.

आता मागे १९७१ च्या रायबरेलीत जाऊ. इंदिरा गांधींना १,८३,३०९ मतं पडली, राजनारायण यांना ७१,४९९. मताधिक्य १,११,८१० चं. तरीही १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी ती निवड रद्द ठरवली.

सर्वसामान्य माणसाला हे उफराटं वाटतं. चुरशीची लढत कोर्टात टिकते आणि एकतर्फी लढत कोसळते, असं कसं? या कोड्याचं उत्तर लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मध्ये आहे. ते समजून घ्यायला हवं, कारण प्रत्येक निकालानंतर ‘आम्ही कोर्टात जाऊ’ ही घोषणा ऐकू येते आणि तिच्यावर विश्वास ठेवून हजारो कार्यकर्ते आशा लावून बसतात. त्यातल्या बहुतेकांना कोर्ट काय विचारणार आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं.

दार एकच आहे

राज्यघटनेचा अनुच्छेद ३२९ सांगतो की लोकसभा किंवा विधानसभेच्या निवडणुकीला आव्हान द्यायचं असेल तर ते फक्त निवडणूक याचिकेनेच देता येतं. रिट याचिका, जनहित याचिका, दिवाणी दावा, यातलं काहीही चालत नाही. याची पहिली परीक्षा पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत झाली. मद्रास राज्यातल्या नामक्कलमध्ये पोन्नुस्वामी यांचा उमेदवारी अर्ज फेटाळला गेला आणि ते मतदानाआधीच कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये सांगितलं की निवडणूक म्हणजे अधिसूचना निघाल्यापासून निकाल लागेपर्यंतची अख्खी प्रक्रिया. तिच्या अध्येमध्ये कोर्ट पडणार नाही. अर्ज चुकीचा फेटाळला असेल तरी निवडणूक होऊ द्या, मग याचिका करा.

सत्तर वर्षांनंतरही लोक याच दगडाला ठेचकाळतात. २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत संध्याकाळी सहानंतर झालेल्या मतदानावरून विक्रोळीतल्या एका मतदाराने मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका केली होती. तिच्यात संपूर्ण राज्याचा निकालच रद्द करा अशी मागणी होती. जून २०२५ मध्ये खंडपीठाने ती फेटाळली. ‘अख्खी निवडणूक रद्द करा’ अशी याचिका या कायद्यात बसतच नाही. आव्हान एका मतदारसंघातल्या एका विजयी उमेदवाराच्या निवडीला द्यायचं असतं. २८८ जागांवर संशय असेल तर २८८ याचिका, आणि प्रत्येकीत त्या त्या मतदारसंघाचे वेगळे पुरावे.

याचिका करायला तुम्ही उमेदवार असण्याची गरज नाही. त्या मतदारसंघाचा कोणताही मतदार ती करू शकतो. ही तरतूद मला फार मोलाची वाटते. पराभूत उमेदवार थकला, तडजोड करून बसला, तरी गावातला एखादा शिक्षक किंवा दुकानदार ती लढाई पुढे नेऊ शकतो. याचिका थेट उच्च न्यायालयात जाते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ते मुंबई उच्च न्यायालय, म्हणजे मतदारसंघ कुठला त्यानुसार मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा असं खंडपीठ. पूर्वी यासाठी वेगळी न्यायाधिकरणं असत. १९६६ च्या दुरुस्तीने हे काम उच्च न्यायालयांकडे आलं.

पंचेचाळीस दिवस, एकही जास्त नाही

निकाल जाहीर झाल्याच्या तारखेपासून ४५ दिवसांत याचिका दाखल व्हायला हवी. विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबर २०२४ ला लागला, म्हणजे मुदत ७ जानेवारी २०२५ ला संपली. इतर दाव्यांत उशीर झाला तर आजारपण, अपघात, वकिलाची चूक अशी कारणं देऊन विलंब माफ करून घेता येतो. इथे ती सोय नाही. विलंब माफ करणारं मुदत कायद्याचं पाचवं कलम निवडणूक याचिकेला लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये ललित नारायण मिश्र यांच्या निवडीविरुद्धच्या खटल्यात सांगून टाकलं. सेहेचाळीसाव्या दिवशी तुमच्याकडे कितीही भक्कम पुरावा असला तरी तो ऐकायला कुणी नाही.

हे कठोर आहे, पण त्यामागे कारण आहे. निवडून आलेल्या माणसावर वर्षानुवर्षं टांगती तलवार नको, मतदारसंघाला आपला प्रतिनिधी कोण हे लवकर कळावं, असा कायद्याचा हेतू आहे. पुढे खटले कसे रेंगाळतात हे पाहिलं की या हेतूचं काय होतं ते दिसतंच. त्याकडे येऊ.

कागदात चूक झाली की संपलं

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८६ मध्ये एक वाक्य आहे, ज्याने कितीतरी याचिका गिळल्या. कलम ८१, ८२ किंवा ११७ चं पालन झालं नसेल तर उच्च न्यायालय याचिका फेटाळेल. ‘फेटाळू शकेल’ नव्हे, ‘फेटाळेल’. न्यायाधीशांना सहानुभूती वाटली तरी हात बांधलेले असतात.

कलम ८१ प्रमाणे जितके प्रतिवादी तितक्या प्रती जोडायच्या आणि प्रत्येक प्रतीवर ती खरी प्रत असल्याचं याचिकाकर्त्याने स्वतःच्या सहीनिशी साक्षांकित करायचं. याचिका दाखल करतानाही त्याने स्वतः हजर राहायला हवं, नुसत्या वकिलाने नेऊन दिली तर ती वैध सादरीकरण ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलं. कलम ११७ प्रमाणे खर्चापोटी २,००० रुपये उच्च न्यायालयात अनामत भरायची. लोकसभेच्या उमेदवारीची अनामत २५,००० असते हे लक्षात घेतलं तर ही रक्कम नगण्यच, पण याचिकेसोबत ती भरलेली नसेल तर खेळ तिथेच संपतो.

सगळ्यात फसवं आहे कलम ८२. प्रतिवादी कोणाला करायचं? विजयी उमेदवाराला तर करायचंच. ‘त्यांची निवड रद्द करा आणि मला विजयी घोषित करा’ अशी मागणी असेल तर लढतीतल्या सगळ्या उमेदवारांना. आणि याचिकेत कुठेही, अगदी ओझरताही, दुसऱ्या एखाद्या उमेदवाराने गैरप्रकार (पैसे वाटणं, धर्माच्या नावावर मतं मागणं, सरकारी नोकराची मदत घेणं असे कायद्याने ठरवलेले प्रकार) केल्याचा आरोप असेल तर त्यालाही. १९६७ च्या निवडणुकीनंतर राजस्थानात सुरेंद्रकुमार तापडिया यांच्याविरुद्धच्या याचिकेत अशा माणसावर आरोप होता ज्याने अर्ज भरून नंतर मागे घेतला होता. त्याला प्रतिवादी केलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, माघार घेतली तरी कायद्याच्या दृष्टीने तो उमेदवारच. याचिका गेली. मुदत उलटून गेल्यावर अशी चूक दुरुस्त करता येत नाही.

उलट काही चुका दुरुस्त होऊ शकतात. गैरप्रकाराच्या आरोपासोबत ठरावीक नमुन्यातलं शपथपत्र, म्हणजे फॉर्म २५, जोडावं लागतं. त्यात किरकोळ त्रुटी राहिली तर ती सुधारायची संधी मिळते. हा भेद वकिलाला माहीत असतो. याचिकाकर्त्यालाही माहीत असलेला बरा.

‘पैसे वाटले’ एवढं लिहून भागत नाही

आता मुख्य गोष्ट. कलम ८३ म्हणतं की याचिकेत महत्त्वाच्या तथ्यांचं थोडक्यात पण पूर्ण निवेदन हवं. गैरप्रकाराचा आरोप असेल तर तो कुणी केला, कधी केला, कुठे केला, हा सगळा तपशील हवा.

या नियमाचा अर्थ ज्या निकालाने पक्का केला तो खटला आपल्या मुंबईतला आहे. १९६७ मध्ये दक्षिण मुंबईतून जॉर्ज फर्नांडिस यांनी स. का. पाटील यांना हरवलं. एका मतदाराने जॉर्जच्या निवडीला आव्हान दिलं. आरोपांमध्ये आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’ने पाटलांविरुद्ध छापलेला मजकूर हा मोठा भाग होता. अत्र्यांची लेखणी काय चीज होती हे आपल्याला सांगायला नको. पण कोर्टापुढे प्रश्न मजकूर किती झोंबरा होता हा नव्हता. उमेदवाराची त्याला संमती होती का? आणि नसेल तर त्या मजकुरामुळे निकाल फिरला हे कशावरून? १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही मुद्द्यांवर याचिकाकर्त्याविरुद्ध निकाल दिला. त्याच निकालात न्यायालयाने सांगितलं की महत्त्वाची तथ्यं म्हणजे ज्यांच्यावर आरोप उभा राहतो ते खांब, आणि तपशील म्हणजे त्या चित्रातले बारकावे. बारकावे नंतर भरता येतात. खांबच नसेल तर मुदतीनंतर तो रोवता येत नाही.

म्हणून ‘विरोधकांनी अमुक तालुक्यात सर्रास पैसे वाटले’ हे वाक्य कोर्टात शून्य किमतीचं आहे. ‘मतदानाच्या आदल्या रात्री नऊच्या सुमारास, अमुक गावच्या समाजमंदिरात, उमेदवाराच्या निवडणूक प्रतिनिधीने, अमुक मतदारांना प्रत्येकी इतके रुपये दिले, ते अमुक माणसाने पाहिलं’ हे वाक्य असलं तर कोर्ट ऐकायला लागतं. गावात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आणि कोर्टात सिद्ध झालेली गोष्ट यांच्यातलं अंतर म्हणजेच निवडणूक याचिका.

दोन प्रकारची कारणं, आणि कोड्याचं उत्तर

निवड कोणत्या कारणांनी रद्द होते ते कलम १०० मध्ये आहे. ही कारणं दोन टोपल्यांत टाकली की कायदा एकदम स्वच्छ दिसतो.

पहिल्या टोपलीत अशी कारणं आहेत जी सिद्ध झाली की निवड रद्द, मताधिक्य कितीही असो. विजयी उमेदवार निवडून येण्यास पात्रच नव्हता. विजयी उमेदवाराने, त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने दुसऱ्या कुणी गैरप्रकार केला. किंवा कुणाचा तरी उमेदवारी अर्ज चुकीने फेटाळला गेला. तो माणूस उभा राहिला असता तर किती मतं घेतली असती हे कुणालाच सांगता येणार नाही, म्हणून कायदा ते विचारतच नाही.

दुसऱ्या टोपलीतली कारणं: कुणाचा अर्ज चुकीने स्वीकारला गेला, संमतीशिवाय एखाद्या कार्यकर्त्याने गैरप्रकार केला, मतं चुकीची मोजली किंवा नाकारली, कायद्याचं किंवा नियमांचं पालन झालं नाही. यांत चूक सिद्ध करून काम होत नाही. त्या चुकीमुळे निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला हेही सिद्ध करावं लागतं. आणि हे १९५४ पासून कोर्ट सांगत आलंय की परिणाम झाला असेल असा अंदाज पुरत नाही.

रायबरेलीचा खटला पहिल्या टोपलीतला. राजनारायण यांनी दारू, कपडे वाटल्यापासून बरेच आरोप केले होते. टिकले फक्त दोन. एक, पंतप्रधान सचिवालयातले अधिकारी यशपाल कपूर यांनी सरकारी नोकरीत असताना प्रचारात मदत केली. दोन, उत्तर प्रदेशच्या सरकारी अधिकाऱ्यांनी सभांसाठी व्यासपीठं आणि ध्वनिक्षेपकांची वीज यांची व्यवस्था केली. कपूर यांनी १३ जानेवारी १९७१ ला राजीनामा दिला होता, पण तो मंजूर झाल्याचा आदेश २५ जानेवारीला निघाला. त्या मधल्या बारा दिवसांत ते सरकारी नोकर होते की नव्हते, यावर देशाच्या पंतप्रधानांची खासदारकी अवलंबून होती. सरकारी नोकराची मदत घेणं हा कलम १२३ खाली गैरप्रकार, म्हणून एक लाख अकरा हजारांचं मताधिक्य तिथे गैरलागू ठरलं. पुढे आणीबाणी आली, कायदाच पूर्वलक्षी प्रभावाने बदलला गेला आणि ७ नोव्हेंबर १९७५ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, ही वेगळी आणि दुःखद कहाणी.

मुंबई वायव्यचा खटला दुसऱ्या टोपलीतला. तिथला एक मुख्य मुद्दा प्रदत्त मतांचा होता. तुम्ही केंद्रावर गेलात आणि तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल, तर ओळख पटल्यावर तुम्हाला यंत्रावर नव्हे, कागदी मतपत्रिकेवर मत देता येतं. ते प्रदत्त मत. ते वेगळ्या पाकिटात बंद होतं आणि मतमोजणीच्या दिवशी मोजलं जात नाही. ते उघडायचं की नाही हे कोर्ट ठरवतं. फरक ४८ चा असताना हा मुद्दा नक्कीच मोठा. पण कुठल्या केंद्रावर, कुणाच्या नावाने, किती मतं आणि त्याने निकाल कसा उलटला असता, ही साखळी याचिकेतच मांडलेली असायला हवी. फरक लहान असणं हा पुरावा नाही. ४८ मतांनी हरलेल्या माणसाच्या मनाला हे पटणं किती अवघड असेल याची मला कल्पना आहे.

फेरमतमोजणीचंही असंच. ती मागितली म्हणून मिळत नाही. मतदानाच्या गुप्ततेला कायदा जपतो, म्हणून नेमकं कारण आणि प्रथमदर्शनी पुरावा लागतो. त्यातही कोर्ट पहिल्यांदा विचारतं की मोजणीच्या टेबलावरच, निकाल जाहीर होण्याआधी, लेखी अर्ज दिला होता का. तिथे आरडाओरडा केला पण अर्ज दिला नाही, तर पुढची वाट फार अरुंद होते.

जड आरोप, जड ओझं

गैरप्रकाराचा आरोप कोर्ट जवळपास फौजदारी गुन्ह्यासारखा पाहतं. वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो, कारण परिणामही तसेच असतात. आमदारकी जाते, शिवाय सहा वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते.

डिसेंबर १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत डॉ. रमेश प्रभू निवडून आले. प्रचारसभांतल्या भाषणांत धर्माच्या नावावर मतं मागितली, असा आरोप प्रभाकर कुंटे यांनी केला. भाषणांच्या तारखा होत्या, शब्द होते. १९८९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निवड रद्द केली आणि ११ डिसेंबर १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. ज्यांच्या भाषणांवर खटला उभा होता ते बाळासाहेब ठाकरे उमेदवार नव्हते, पण कलम ९९ प्रमाणे गैरप्रकार करणारे म्हणून त्यांचंही नाव निकालात आलं आणि पुढे त्यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. त्याच दिवशी त्याच न्यायालयाने मनोहर जोशी यांची दादरची निवड मात्र वैध ठरवली. महाराष्ट्रात पहिलं हिंदू राज्य स्थापन होईल, हे त्यांच्या तोंडचं म्हणून सांगितलेलं वाक्य ही आशा आहे, धर्माच्या नावावर मतांची मागणी नाही, असं न्यायालयाने मानलं. या निकालावर आजही वाद होतो, आणि तो व्हावा. पण शब्दाशब्दाचा कीस कसा काढला जातो हे त्यातून कळतं.

अजून एक सावधगिरी. ‘मलाच विजयी घोषित करा’ अशी मागणी केली की विजयी उमेदवाराला उलट वार करायचा हक्क मिळतो. खटला सुरू झाल्यापासून १४ दिवसांत तो नोटीस देऊन म्हणू शकतो की याचिकाकर्त्याची मतंही तपासा. नुसती निवड रद्द करायची मागणी असेल तर हा धोका नाही, पण मग जिंकलात तरी जागा तुम्हाला मिळत नाही, पोटनिवडणूक होते.

सहा महिने लिहिलेत कायद्यात

कायदा म्हणतो, सुनावणी रोजच्या रोज चालवा आणि शक्यतो सहा महिन्यांत संपवा. १९९० मध्ये सांताक्रूझमधून निवडून आलेल्या अभिराम सिंग यांची निवड उच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रद्द केली. त्या खटल्यात धर्माच्या नावाने आवाहन म्हणजे काय, हा प्रश्न वर गेला आणि सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने २ जानेवारी २०१७ ला, चार विरुद्ध तीन अशा बहुमताने त्याचं उत्तर दिलं. मधल्या काळात महाराष्ट्रात पाच विधानसभा निवडणुका होऊन गेल्या होत्या. ज्या मतदारांचा हा प्रश्न होता त्यांतले कितीतरी हयात नसतील. कोर्ट याचिकाकर्त्याला ४५ दिवसांवर एक दिवस वाढवून देत नाही, आणि स्वतः पाव शतक घेतं, हे मला अन्यायकारक वाटतं. ते बदलायला हवं.

पुरावा निकालाआधी जमतो

म्हणून खरी तयारी मतदानाच्या दिवशीच होते. प्रत्येक केंद्रावरच्या मतदान प्रतिनिधीने फॉर्म १७-सीची प्रत घेतलीच पाहिजे, कारण त्या यंत्रात किती मतं नोंदली गेली याची ती सही-शिक्क्याची नोंद असते. प्रदत्त मत दिलं गेलं तर त्याची नोंद करा. आक्षेप घेतला तर लेखी घ्या आणि पोच मागा. यंत्रावर शंका असेल तर एप्रिल २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर सात दिवसांत, स्वखर्चाने, प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच टक्के यंत्रांची तपासणी मागता येते. केंद्रांवरच्या चित्रीकरणाबद्दल निवडणूक आयोगाने मे २०२५ मध्ये दिलेली सूचनाही लक्षात ठेवा: ४५ दिवसांत याचिका झाली नाही तर चित्रीकरण नष्ट करता येतं.

हे सगळं लोकसभा-विधानसभेचं. ग्रामपंचायतीत मुदत आणखी कमी: निकालापासून १५ दिवस, आणि याचिका जाते दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्याकडे. मुंबई महापालिकेच्या नगरसेवकाविरुद्ध १० दिवसांत, लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांकडे. गावातली निवडणूक म्हणून कोर्ट तिला हलकं मानत नाही. हरियाणात पानिपतजवळच्या बुआना लाखू गावात नोव्हेंबर २०२२ मध्ये सरपंचपदाची निवडणूक झाली होती. मोजणीचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने सगळ्या केंद्रांची यंत्रं दिल्लीला मागवली, ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याच आवारात, कॅमेऱ्यासमोर, ती मोजून घेतली. आधी हरलेला उमेदवार १,०५१ विरुद्ध १,००० अशा मतांनी जिंकलेला निघाला. पावणेतीन वर्षांनी त्याला आपली खुर्ची मिळाली.